नाडी आणि पोथी : डॉ. भाऊ दाजी लाड

लखनौला निशातगंजाकडून गोमतीचा पूल ओलांडला, की नदीच्या दक्षिण तीरावर थोड्या अंतरावर मोतीमहाल आहे. आज तेथून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की १८४८ साली या वास्तूत एक डॉक्टर पोथ्यांची यादी करीत बसला होता. त्याचे नाव आलॉइस स्प्रेंगर. जन्माने तो ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातला. वैद्यकाची पदवी घेऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असिस्टंट सर्जन म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि दिल्ली कॉलेजचा प्रमुख झाला. तेथून त्याला अवधच्या नवाबांचे ग्रंथसंग्रह तपासण्यासाठी लखनौला धाडण्यात आले. तोपखाना, मोतीमहाल आणि फरहबख्श या तीन ठिकाणी ते संग्रह पेट्यांतून ठेवलेले होते. त्याच्या सूचीचा पहिला खंड १८५४ मध्ये कलकत्त्याला छापून निघाला. तीनच वर्षांनी सत्तावन्नचे युद्ध पेटले आणि लखनौच्या वेढ्यात व लुटीत ते संग्रह उधळले गेले. अनेक ग्रंथांची उरलेली खूण म्हणजे एका डॉक्टरने केलेली नोंद.

शस्त्रवैद्याने वाङ्मयाच्या वाटेला जावे हा योग त्या काळी दुर्मिळ नव्हता. जॉन बोर्थविक गिलख्रिस्ट १७८२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे कंपनीचा सर्जन झाला. पलटणीबरोबर उत्तरेस जाता जाता, एकच बोली गावोगाव समजते हे त्याच्या ध्यानी आले. मग रजा काढून तो फैजाबादेस राहिला, दाढी वाढवली, देशी पोशाख केला आणि हिंदुस्थानीचा कोश सिद्ध केला. होरेस हेमन विल्सन १८०८ मध्ये असिस्टंट सर्जन म्हणून कलकत्त्यास आला. पाच वर्षांत त्याने 'मेघदूता'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, १८१९ मध्ये संस्कृत-इंग्रजी कोश दिला आणि पुढे ऑक्सफर्डला संस्कृतचा पहिला बोडेन प्राध्यापक झाला. कंपनीला पलटणींसाठी नि जहाजांसाठी सर्जन हवे असत. रोग्याशी बोलण्यासाठी सर्जनला देशी भाषा लागे, आणि छावणीच्या ठिकाणी त्याच्या हाती वेळही उरत असे. एवढी कारणे मला पुरेशी वाटतात. त्यांच्या विद्वत्तेत काही गूढ शोधण्याची गरज नाही.

परंतु ही सारी मंडळी परदेशची. आपल्या भूमीत जन्मलेला, रोग्याची नाडी आणि जुनी पोथी या दोहोंवर सारख्याच अधिकाराने हात ठेवणारा पुरुष पश्चिम हिंदुस्थानात प्रथम कोण झाला, असे विचारले तर उत्तर एकच येते : डॉ. भाऊ दाजी लाड. शाळेच्या या हीरक महोत्सवी अंकासाठी मी त्यांचे चरित्र निवडले, यालाही एक कारण आहे. संस्कृतच्या तासाला आपण सर्वांनी वहीत उतरवून घेतले, की कालिदासाचा काळ चौथे-पाचवे शतक, आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६, वराहमिहिराचे निधन इ. स. ५८७. परीक्षेत ही उत्तरे लिहून आपण गुण मिळवले. हे आकडे कोणी, कशावरून, कोणत्या खटपटीने काढले, हे मात्र आपण कधी विचारले नाही. त्या खटपटीचा मोठा भाग मुंबईतल्या एका डॉक्टरच्या घरी झाला होता.

भाऊंचे पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. वडिलांना घरात 'दाजी' म्हणत, म्हणून मुलगा 'भाऊ दाजी' झाला आणि त्याच नावाने इतिहासात राहिला. जन्म गोव्यात, १८२२ सालचा. घरची स्थिती अतिशय हलाखीची. मातीच्या बाहुल्या विकून वडील संसार चालवीत. मुलगा बुद्धिबळात विलक्षण हुशार होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना आग्रह केला, की याला इंग्रजी शिक्षण द्या. कुटुंब मुंबईस आले आणि भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागले. कच्छ-काठेवाडातील बालहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. पुढे त्याच संस्थेत ते शिक्षकही झाले.

इथवरची कथा त्या काळच्या अनेक बुद्धिमान तरुणांसारखी आहे. वेगळेपण पुढे आहे. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. नाव सर रॉबर्ट ग्रँट या दिवंगत गव्हर्नराचे, पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड, आणि शेजारी जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय. भाऊंनी हाती असलेली शिक्षकाची सन्मानाची जागा सोडली आणि ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. ब्राह्मण घरातील मुलाने प्रेतावर शस्त्र चालवावयाचे, ही गोष्ट तेव्हा सामान्य नव्हती. कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन केले, त्याला अवघी नऊ वर्षे झाली होती. हे मधुसूदनही मूळचे संस्कृत कॉलेजातले वैद्यकाचे पंडित होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. भाऊ शिकत असतानाच ईथर आणि क्लोरोफॉर्म यांचा शोध लागला, आणि शस्त्रक्रिया म्हणजे रोग्याला चौघांनी दाबून धरण्याचा प्रकार, ही स्थिती पालटू लागली. वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोहोंचे शिक्षण घेऊन कॉलेजची जी पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली, तीत भाऊ होते. पुढे प्रार्थना समाजाचे अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंगही त्याच तुकडीतले.

सरकारी नोकरीत देशी पदवीधराची पायरी 'सब-असिस्टंट सर्जन'ची होती. विल्सन आणि स्प्रेंगर ज्या पायरीवरून आरंभ करीत, तिच्याही खालची. भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला. थोड्याच वर्षांत मुंबईत त्यांच्याइतका चालणारा डॉक्टर विरळा, अशी ख्याती झाली आणि पैसाही भरपूर आला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजीही वैद्यकातच होते. दोघे भाऊ गरिबांना विनामूल्य औषध देत. दोघांनाही छायाचित्रणाचा नाद होता, आणि मुंबईच्या छायाचित्रण मंडळाच्या आरंभीच्या सभासदांत दोघांची नावे आढळतात.

आलेल्या पैशाचे भाऊंनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी पोथ्या, नाणी आणि ताम्रपट विकत घेतले, शिवाय माणसे पगारी ठेवली. पांडुरंग गोपाळ पाध्ये यांच्यासारखे शास्त्री आणि जुनागढचा भगवानलाल इंद्रजी हा तरुण त्यांच्या पदरी होता. भाऊंना दवाखाना सोडून महिनोन् महिने फिरणे शक्य नसे. भगवानलाल त्यांच्या वतीने काठेवाड, राजस्थान, मथुरा, प्रयाग, काशी असा हिंडत गेला आणि शेवटी नेपाळपर्यंत पोहोचला. गाझीपूर जिल्ह्यातील भितरीच्या स्तंभावरचा स्कंदगुप्ताचा लेख त्याने उतरवून आणला आणि भाऊंनी तो मुंबईत प्रसिद्ध केला. गिलख्रिस्टने ज्या गाझीपुरात एके काळी नीळ पिकवली, तेथील दगड पाऊणशे वर्षांनी एका मराठी डॉक्टरने वाचला! पुढे भगवानलाल स्वतःच मोठा पुराविद् म्हणून जगभर मान्यता पावला. त्याला घडवण्याचे श्रेय भाऊंना द्यावे लागते. आपण ज्याला आज शिष्यवृत्ती म्हणतो, ती भाऊ आपल्या रोग्यांच्या फीमधून देत होते.

त्यांच्या पद्धतीत मला डॉक्टरचा हात दिसतो. त्यांच्या आधी डॉ. जेम्स बर्ड यांनी अजिंठ्याच्या लेखांवर लिहिले होते. हे बर्डही व्यवसायाने सर्जनच. पण त्यांच्या नकला फार सदोष होत्या. अक्षर नीट दिसले नाही तर ओळखीच्या शब्दाकडे मन धावते, आणि मग दगडावर नसलेले शब्दही वाचले जातात. भाऊंनी नव्या नकलांवरून अजिंठ्याचे लेख पुन्हा वाचले. सोळाव्या लेण्यातील लेखात विंध्यशक्ती या राजाचे नाव आले आणि विस्मृतीत गेलेले वाकाटक घराणे अभ्यासकांच्या चर्चेत आले. गिरनारच्या शिळेवरील रुद्रदामन् आणि स्कंदगुप्त यांच्या लेखांचेही त्यांनी नव्याने वाचन केले. दुसऱ्याने लिहून दिलेल्या लक्षणांवर विसंबून औषध द्यायचे नाही, रोगी समोर आणवून तपासायचा. तोच नियम त्यांनी शिळांना लावला.

याचा अर्थ त्यांचे अनुमान नेहमी बरोबर आले असा नाही. विष्णुपुराणात किलकिल यवनांच्या संदर्भात विंध्यशक्तीचे नाव येते, एवढ्यावरून त्यांनी वाकाटकांना यवन ठरवले. हे मत टिकले नाही. नागपूरच्या म. म. वा. वि. मिराशींनी पुढे वाकाटकांचे सारे लेख एकत्र करून त्या घराण्याचा इतिहास पक्क्या पायावर उभा केला, तेव्हा भाऊंचे यवन मागेच राहिले. लेख मात्र राहिला.

आता कालिदासाकडे वळू, कारण भाऊंच्या वाङ्मयीन संशोधनातला तो सर्वांत धाडसी प्रकार आहे. १८६० मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी कालिदासावर निबंध वाचला. त्या वेळी कालिदासाचा काळ म्हणजे अंधार होता. परंपरा सांगे, की तो विक्रमाच्या नवरत्नांपैकी एक. म्हणजे इसवी सनापूर्वी पन्नास-साठ वर्षांचा. काही युरोपीय पंडित त्याला भोजाच्या काळी, अकराव्या शतकात ओढीत. दोन टोकांत हजार वर्षांहून अधिक अंतर! ज्याच्या काव्यावर सारे संस्कृत वाङ्मय नटले, त्याचा काळच ठाऊक नाही, ही गोष्ट भाऊंना बोचत असावी.

त्यांनी कल्हणाच्या 'राजतरंगिणी'तील एक कथा पकडली. उज्जयिनीच्या विक्रमादित्याच्या पदरी मातृगुप्त नावाचा कवी होता. वर्षभर त्याने निमूटपणे सेवा केली; काही मागितले नाही. एका थंडीच्या रात्री राजा जागा झाला, तो दिवे विझत आलेले आणि पहारेकरी झोपलेले. एकटा मातृगुप्त तेवढा जागा होता. त्याच्या बोलण्याने राजा इतका प्रसन्न झाला, की त्याने त्याला काश्मीरचे राज्यच देऊन टाकले. मातृगुप्ताने काही वर्षे राज्य केले. विक्रमादित्य वारल्याचे कळताच सिंहासन सोडून तो काशीस निघून गेला आणि राज्य प्रवरसेनाला मिळाले. भाऊंचे म्हणणे असे, की हा मातृगुप्त म्हणजेच कालिदास. नावांचा अर्थ पाहा : मातेने रक्षिलेला आणि कालीचा दास. प्रवरसेनाच्या नावावर असलेले 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य कालिदासाने रचले, अशी एका टीकाकाराची परंपरा आहे. काश्मीरच्या इतक्या कवींची नावे सांगणारा कल्हण कालिदासाचे नाव का घेत नाही? कारण तो त्याला मातृगुप्त म्हणून ओळखतो. शिवाय कालिदासाच्या काव्यात हिमालय इतका जवळून दिसतो! या साऱ्यावरून कालिदास सहाव्या शतकातला ठरतो.

तर्क मोहक आहे. वाचणारा क्षणभर मानूनही जातो. मॅक्स म्यूलरने १८८३ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात सहाव्या शतकातील संस्कृत वाङ्मयाच्या पुनरुज्जीवनाची जी कल्पना मांडली, तिलाही भाऊंच्या या संशोधनाचा आधार होता. पण आज हे मत कोणी मानीत नाही. क्षेमेंद्राने मातृगुप्ताचे पद्य वेगळे दिले आहे आणि कालिदासाचे वेगळे. राघवभट्टाने 'शाकुंतला'वरील टीकेत नाट्यशास्त्राचा अधिकारी म्हणून मातृगुप्ताची वचने दिली आहेत, तीही कालिदासाहून निराळ्या ग्रंथकाराची म्हणून. भाऊंच्या मृत्यूनंतर मंदसोरचा लेख प्रकाशात आला. मालव संवताच्या ५२९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ४७३ च्या सुमारास, वत्सभट्टी नावाच्या कवीने तो रचला आणि त्यात 'मेघदूत' व 'ऋतुसंहार' यांची छाया स्पष्ट दिसते. पाचव्या शतकातला कवी ज्याचे अनुकरण करतो, तो सहाव्या शतकात जन्मू शकत नाही. भाऊंचा मातृगुप्त तेथेच बाद झाला.

मग त्या निबंधाचे मोल काय? भाऊंनी कालिदासाला दंतकथेतून काढून पुराव्याच्या न्यायालयात उभे केले. टीकाकारांची अवतरणे, राजांच्या वंशावळी, कोरीव लेख आणि परदेशी प्रवाशांची वृत्ते एकमेकांवर घासून पाहायची, ही रीत आपल्याकडे संस्कृत कवीला लावणारे ते पहिल्या काहींपैकी होते. ऐहोळे येथील देवळावरच्या रविकीर्तीच्या लेखात कालिदास आणि भारवी यांची नावे आहेत. तो लेख इ. स. ६३४ चा. या लेखावरही भाऊंनी काम केले, आणि कालिदासाच्या काळाची खालची मर्यादा अशा दगडांनीच आखून दिली. त्यांचे अनुमान खोडून काढणारा पुरावा त्यांच्याच रीतीने सापडला. आपल्या विद्येकडून पराभव पत्करण्याचे भाग्य फार थोड्या विद्वानांना लाभते, असे मला वाटते. पण या बाबतीत वाचक माझ्याशी असहमत होऊ शकतात.

ज्योतिष-गणिताच्या इतिहासात मात्र भाऊंचा निर्णय अढळ ठरला. आर्यभट नावाचे दोन ग्रंथकार होऊन गेले, आणि मूळ आर्यभटाचा ग्रंथ हाती नसल्याने विद्वानांत मोठा गोंधळ होता. भाऊंनी 'आर्यभटीया'ची पोथी मिळवली आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळावर निबंध प्रसिद्ध केला. आर्यभट स्वतःच सांगतो, की कलियुगाची ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो. हिशेब केला की ते वर्ष इ. स. ४९९ येते आणि जन्म ४७६ चा निघतो. वराहमिहिर शके ५०९ मध्ये, म्हणजे इ. स. ५८७ मध्ये वारला, ही नोंद त्यांनी ब्रह्मगुप्ताच्या 'खंडखाद्यका'वरील आमराजाच्या टीकेतून काढली. वहीतले ते दोन आकडे हे असे आले.

याच निबंधात एका मराठी दगडाची हकिकत आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे भाऊंना एक शिलालेख आढळला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाचा हा लेख शके ११२८ च्या आसपासचा. लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे. खाली कोणत्या मालावर मठाला किती हिस्सा द्यायचा, याचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. ज्ञानेश्वरी अद्याप ऐंशीहून अधिक वर्षे दूर होती. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणित शिकवण्यासाठी एक विद्यालय होते, बाजारातल्या मालावरच्या हिश्शातून त्याचा खर्च चाले, आणि ते कलम मराठीत लिहिलेले होते! शाळेच्या अंकात लिहिताना या दगडापाशी मी थोडा अधिक रेंगाळलो, तर वाचक क्षमा करतील.

भाऊंचा डॉक्टरी पेशा आणि विद्या यांची गाठ एकदा न्यायालयातही पडली. १८६२ मध्ये वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिल्याबद्दल करसनदास मुळजी यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. मुंबईतील बड्या शेटियांचा महाराजांना पाठिंबा होता. करसनदासांच्या बाजूने साक्ष देणे म्हणजे धनाढ्य रोग्यांवर पाणी सोडणे होते. भाऊंनी महाराजांपैकी काहींवर उपचार केले होते. ते साक्षीला उभे राहिले आणि डॉक्टर म्हणून जे पाहिले ते त्यांनी सांगितले. मिशनरी विद्वान डॉ. जॉन विल्सन यांनी पंथाच्या ग्रंथांविषयी साक्ष दिली. करसनदास मुख्य आरोपातून सुटले.

सार्वजनिक कामांची यादी फार लांब होईल. बाँबे असोसिएशनच्या स्थापनेत ते होते, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी होते. विद्यार्थ्यांच्या साहित्य आणि शास्त्रविषयक सभेचे ते पहिले देशी अध्यक्ष झाले आणि या सभेच्या मुलींच्या शाळांचे त्यांनी जिवापाड रक्षण केले. त्यांच्या नावाची मुलींची शाळाही निघाली. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय उभे करण्यात डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला भाऊंचे नाव देण्यात आले. अनेकांना भाऊ ठाऊक आहेत ते या इमारतीच्या नावापुरतेच.

मध्येच एक आपत्ती कोसळली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाने शहराला शेअरांचे वेड लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा खाली आला. भाऊही त्यात सापडले आणि बरीचशी संपत्ती गमावून बसले. आर्यभटाचा निबंध आणि हे नुकसान एकाच वर्षातले आहे. पंडितांचे पगार आणि भगवानलालचा प्रवास यापुढेही चालूच राहिला.

आता एका अवघड गोष्टीविषयी लिहिले पाहिजे. ती टाळून हे चरित्र सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. भाऊंनी प्राचीन वैद्यक ग्रंथांतील औषधे आधुनिक रीतीने पारखण्याचे काम हाती घेतले होते. महारोगावर त्यांना एक औषध सापडले आणि त्यांच्याकडे रोग्यांची रीघ लागली. मात्र औषधात काय आहे, हे त्यांनी जाहीर केले नाही. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. जो मनुष्य एक जीर्ण शिळा वाचली तरी अक्षरन् अक्षर छापून जगापुढे ठेवतो, पंडितांना आपल्या चुका काढण्याची मोकळीक देतो, त्याने औषधाचीच गोष्ट मुठीत का ठेवली? पुरेसे रोगी पाहून खात्री होईपर्यंत ते थांबले असतील. अपुऱ्या माहितीवर कोणीही ते औषध देऊ लागेल, अशी भीती असेल. पैशाचा मोह म्हणावा, तर विनामूल्य औषध देणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. कारण काहीही असो, थांबण्यात वेळ निघून गेला. अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले आणि मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या औषधातील मुख्य द्रव्य कडू कवठीचे तेल होते, हे मागाहून सर्वांना समजले.

त्याच कुळातील चौलमुग्र्याचे तेल पुढे जगभर महारोगावर दिले गेले आणि १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत मुख्य उपाय म्हणून राहिले. हान्सेनने महारोगाचा जंतू पाहिला तो १८७३ मध्ये, भाऊंच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधी. भाऊंनी आपल्या रोग्यांची टिपणे, औषधाचे प्रमाण आणि गुण न आलेल्या रोग्यांची संख्या मातृगुप्तासारखीच छापली असती, तर? ते मतही कदाचित चुकीचे ठरले असते. त्यांच्या इतर मतांप्रमाणे कोणीतरी ते तपासले असते, इतकेच. कालिदासाविषयी चुकण्याची त्यांना भीती वाटली नाही. रोग्याच्या बाबतीत चुकणे वेगळे, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते, आणि कदाचित तेच त्यांना आडवे आले. मी त्यांना पूर्ण दोषमुक्त करू शकत नाही, आणि दोष देतानाही हात अडखळतो.

त्यांचे विखुरलेले निबंध रामचंद्र घोष यांनी एकत्र करून १८८८ मध्ये कलकत्त्यास पुस्तकरूपाने छापले. 'आर्यभटीया'ची पहिली छापील आवृत्ती हेन्ड्रिक कर्न यांनी हॉलंडमधील लायडन येथे काढली, ती १८७४ ची. ज्या वर्षी भाऊ गेले, त्याच वर्षाची. त्यांनी जमवलेल्या संस्कृत पोथ्या एशियाटिक सोसायटीकडे आल्या. मुंबईच्या टाऊन हॉलच्या त्या उंच पायऱ्या चढून गेल्यावर आजही तेथील हस्तलिखितांच्या सूचीत भाऊ दाजी संग्रह म्हणून वेगळी नोंद सापडते. लखनौच्या पेट्यांतल्या ग्रंथांच्या नशिबी आली ती दशा या पोथ्यांची झाली नाही. त्या मागवून वाचता येतात.